मागच्या सीटचं वजन

"आप्पा, गाडीवर कितीजण फिरणार?" शोरूममधल्या सत्यमनं विचारलं.

"दोघं," मन्मथप्पा म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांची बायको गंगासागर जाऊन तेरा महिने झाले होते. पण दुकानासमोरच्या हॉटेलात चहा सांगताना ते अजून दोन सांगत होते आणि दुसरा गार होईपर्यंत ठेवून मग स्वतःच पीत होते. त्यांच्या तोंडाला ती बातमी अजून पोचलीच नव्हती.

चूक दुरुस्त करायला त्यांनी तोंड उघडलं. तोवर सत्यमनं समोरच्या कागदावर 'दोघे' असं लिहून खाली रेघसुद्धा मारली होती. आता बायको वारली म्हणून सांगावं, तर हा माणूस खुर्चीतून उठणार, पाणी मागवणार, कशानं गेल्या म्हणून विचारणार, मग त्याची चुलती कशी गेली ते सांगणार. मन्मथप्पांनी हे वर्षभर पुष्कळ ऐकलं होतं. गेवराईच्या शोरूममध्ये एसीत बसून परत ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी 'दोघे' राहू दिलं.

पुढचं सगळं त्यातून झालं.

मन्मथप्पांचं तलवाड्याच्या बाजारगल्लीत भांड्यांचं दुकान होतं. गंगासागरला बस लागायची. कंडक्टरनं घंटी वाजवली की बस स्टँडातून हलायच्या आधीच तिच्या पोटात ढवळायला लागायचं. जीपचंही तेच. त्यामुळं दोघांचं सगळं जाणं-येणं मोटारसायकलवर झालं. लग्नं, बारशी, मयती, लेकीची बाळंतपणं, सगळं. जुन्या गाडीची मागची सीट पाटासारखी टणक होती. गंगासागर एका बाजूनं बसायची आणि उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवायची. गतिरोधक आला की तो हात दाबून म्हणायची, "अहो, मागं मी हाय बरं!"

"ठावं हाय. एकटा असतो तर आत्तापर्यंत पोचलो असतो."

दोन वाक्यांचं हे भांडण छत्तीस वर्षं चाललं. आता मन्मथप्पा एकटे होते आणि कुठंच पोचत नव्हते. दुकान ते घर, घर ते दुकान. घर दुकानाच्या मागंच होतं, अठरा पावलांवर.

गंगासागरला एकदा कूडलसंगमला जायचं होतं. गावातल्या लिंगायत बायका दोन-दोनदा बसनं जाऊन आल्या होत्या. दोन नद्या मिळतात तिथं पाण्यात विहिरीसारखं बांधलंय, आत पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचं असतं, हे त्यांनी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला पायऱ्यासुद्धा पाठ झाल्या होत्या. जायला चारशे किलोमीटर. "मागं बसायला चांगली अशी गाडी घ्या, मग जाऊ," ती म्हणायची. "दसऱ्याला घेऊ," मन्मथप्पा म्हणायचे. असे सात दसरे गेले. मग ती गेली.

आता गाडी घेऊन काय करणार, असं कुणी विचारलं असतं तर मन्मथप्पांना सांगता आलं नसतं. शब्द दिला होता, एवढंच त्यांना माहीत होतं.

सत्यम तिशीतला, बोलका माणूस होता. त्यानं लांबच्या प्रवासाच्या तीन गाड्या दाखवल्या. एक लाल, एक काळी, एक निळी. "आप्पा, हिला मोबाईल जोडता येतो. रस्ता हीच दाखवती."

"मागची सीट दाखवा."

"दाखवतो की. आधी इंजिन बघा. दिवसभर चालवा, गरम व्हायचं न्हाई."

"मागची सीट," मन्मथप्पा म्हणाले, आणि घागरीचा पत्रा दाबून बघावा तसा त्यांनी सीटवर अंगठा दाबला. मग वाकून साडीगार्ड बघितलं. बाईमाणसाचं पाय ठेवायचं फूटरेस्ट बघितलं आणि म्हणाले, "हे चार बोटं वर घ्यावं लागंल. पाय लोंबकळत्यात."

"घेऊ की. पण तुमी एकदा पुढं बसून तर बघा."

"मी कुठं बी बसतो. माझं काय?"

"चालवणार तर तुमीच ना?"

"चालवणाराला धरायला हँडल असतं. मागच्याला काय असतं?"

सत्यमला असं गिऱ्हाईक कधी भेटलं नव्हतं. तो म्हणाला, "मग उद्या बाईंनाच घेऊन या. त्या बसून बघतील."

मन्मथप्पांनी सीटवरची धूळ हातानं पुसली. "तिला यायला जमायचं न्हाई," ते म्हणाले. "मी वजन आणतो."

दुकानात मोठा वजनकाटा होता. दर दिवाळीच्या पाडव्याला काट्याची पूजा झाली की गंगासागर हौसेनं काट्यावर चढायची आणि मन्मथप्पा काट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीनं आकडा लिहायचे. सत्तेचाळीस, एकोणपन्नास, बावन्न, बावन्न. दवाखान्यात शेवटी शेवटी छत्तीस भरलं होतं, पण तो आकडा त्यांनी भिंतीवर घेतला नव्हता. बावन्नच खरं.

त्यांनी बावन्न किलो भांडी पोत्यात भरली. दुकानातली कोरी भांडी घातली असती तर ओरखडे पडले असते, गिऱ्हाइकानं घेतली नसती. म्हणून घरातली घेतली. तशीही ती मांडणीवर नुसती बसून होती. एकट्या माणसाला लागतं काय? एक तवा, एक पातेलं, एक ताट. बाकी पराती, घागरी, डबे, तांबे, वाट्या, सगळं पोत्यात गेलं.

भांडीच का, तर त्यामागंही विचार होता. धान्याचं पोतं गप्प बसतं. भांडं खड्डा आला की बोलतं.

शोरूमचा नियम होता की ट्रायलची गाडी शोरूमचाच माणूस चालवणार. मन्मथप्पांची हरकत नव्हती. सत्यमनं लाल गाडीच्या मागच्या सीटवर पोतं बांधलं आणि तलवाड्याच्या रस्त्याला लागला. मागून मन्मथप्पा आपल्या जुन्या गाडीवर, मान पुढं काढून, कान देऊन. लाल गाडीवर पोतं असं वाजलं की शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. वरात आली असं वाटून दोन कुत्री गावापर्यंत सोबत आली.

"ही न्हाई," मन्मथप्पा म्हणाले. "हिच्यावर ती दोन मैलात उतरून चालत निघंल."

दुसऱ्या दिवशी काळी. काळीवर घागरी गप्प होत्या, पण परात प्रत्येक खड्ड्याला बोलत होती. तिसऱ्या दिवशी निळी. ती सगळ्यांत उंच होती, सीट रुंद, मागचे शॉकअप लांबलचक. गेवराई ते तलवाडा सगळ्या गतिरोधकांवरून गेली, आणि पोत्यातून फक्त चमचे किणकिणल्याचा आवाज आला. आता सत्यमलाही गोडी लागली होती. गाडी थांबवून तो ओरडला, "आप्पा! परात वाजलीच न्हाई!"

"ऐकलं," मन्मथप्पा म्हणाले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. धूळ होती. "हीच घ्यायची."

"आता तरी पुढं बसून बघा."

"लिहून घ्या म्हनलं ना. निळी."

सारजाबाई ही सत्यमची मावशी. बाजारगल्लीतच राहायची. सत्यमनं घरी जेवताना गंमत म्हणून या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. ती त्याच्या आईनं बहिणीला फोनवर सांगितली, आणि सारजाबाईनं हिशेब जुळवला. दोघं. साडीगार्ड. फूटरेस्ट चार बोटं वर. पोतंभर भांडी. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना ती दारात हजर.

"आप्पा, तांब्या दाखवा बरं एक."

मन्मथप्पांनी दाखवला.

"नाव घालून देता ना?"

"देतो की. काय नाव घालू?"

"माझं ऱ्हाऊ द्या. तुमच्या नव्या तांब्यावर काय नाव घालणार ते कळू द्या गल्लीला."

"माझा कशाचा नवा तांब्या?"

"मग पोतंभर भांडी घेऊन तीन दिस कुठं फिरताव? रुखवत पोरीकडून येतं म्हनलं. तुमी नवरदेवाकडून न्यायचा उलटाच रिवाज काढला!"

"रुखवत न्हाई ते. वजन हाय."

"असंल की. लई वजनदार असंल."

"सारजाबाई, तसलं काय बी न्हाई."

"बरं न्हाई तर न्हाई," सारजाबाई म्हणाली. "मग दोघं कोण?"

याला उत्तर होतं. पण ते मोठ्यानं बोललं असतं तर संध्याकाळच्या आत गावानं त्यांना वेडात काढलं असतं. वेडा म्हणवून घेण्यापेक्षा नवरदेव म्हणवून घेणं मन्मथप्पांना सोपं वाटलं. ते तांब्या पुसत बसले. सारजाबाईला एवढं पुरे होतं.

दुपारी समोरचा हॉटेलवाला तात्याबा स्वतः चहा घेऊन आला. न सांगता. आणि समोर बसून दुसरा कप स्वतः प्यायला. तेरा महिन्यांत मन्मथप्पांचा दुसरा कप पहिल्यांदाच गार झाला नाही.

"आप्पा, मी सरळच बोलतो," तात्याबा म्हणाला. "शिरूरला माझी मेव्हणी हाय. नवरा वारून सहा वर्सं झाली. शिवणकाम करती. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

"तात्या, मला लगीन करायचं न्हाई."

"ते सगळेच म्हणत्यात. उंची किती पायजे तेवढं सांगा."

"कुणाची उंची?"

"फूटरेस्ट वर घेतलंय म्हणं तुमी. मंजे बाई बुटकी हाय. आमची मेव्हणी बी बुटकीच हाय की! परत खाली घ्यायचा खर्च न्हाई."

"अरे बाबा..."

"आणि बस लागत न्हाई तिला. कशानं बी न्या."

मन्मथप्पांचा चेहरा पडला. का पडला ते तात्याबाला कळलं नाही. शिरूर लांब पडत असंल, असं त्यानं धरलं.

संध्याकाळी उत्तरेश्वर स्वामी पंचांग घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. "आप्पा, उरकायचं असंल तर आषाढाच्या आत उरका," ते म्हणाले. "पुढं मुहूर्त न्हाई. आणि मंडप घालू नका, ह्या वयात उगं दिसतं." त्यांच्यामागं चार माणसं आली. ती ओट्यावर टेकली. कुणी पानाचा डबा काढला. एकानं दुसरेपणाच्या लग्नाचे फायदे सांगितले, दुसऱ्यानं तोटे, तिसरा दोन्हींना मान हलवत होता. नऊ वाजेपर्यंत दुकान भरलेलं.

मन्मथप्पा अधूनमधून "तसं न्हाई हो" म्हणत होते, पण फार जोर लावत नव्हते. खरं सांगायचं तर गंगासागर गेल्यावर पंधरा दिवस माणसं येत होती. मग ती यायची थांबली. दुःखाच्या घरी किती दिवस बसणार? आता तीच माणसं हसत होती, त्यांच्या पाठीवर थाप मारत होती. लग्न नाही म्हणून ठासून सांगितलं की ही उठून जाणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून ते एक दिवस गप्प राहिले. मग आणखी एक.

तिसऱ्या दिवशी ईश्वरीचा फोन आला. ईश्वरी त्यांची एकुलती लेक, औशाला गुराढोरांच्या दवाखान्यात नोकरीला. खेड्यापाड्यांत गुरांना सुया टोचत मोटारसायकलवरून फिरायची. आईपेक्षा हातभर उंच, आणि बोलायला बापासारखी तुटक.

"आप्पा, गाडी घेताय?"

"हां."

"सांगितलं न्हाई मला."

"आणल्यावर सांगणार होतो."

"मागं कोण बसणार हाय?"

मन्मथप्पांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. लेकीला खरं सांगायला काय हरकत होती? पण फोनवर, दुकानात, तात्याबा समोर बसलेला असताना? "तू ये मग बोलू," ते म्हणाले.

"सारजामावशीकडून कळतंय मला! येतेच मी. दोन दिसांची रजा टाकते, वर रविवार हाय." फोन कट.

निळी गाडी शनिवारी घरी आली. सत्यम चालवत आला. मन्मथप्पा नेहमीप्रमाणं मागून जुन्या गाडीवर. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, हँडलला विभूती लावली. जाताना सत्यम म्हणाला, "आप्पा, मागचे शॉकअप मी बावन्न किलो धरून लावून दिल्यात. एकटे फिरू नका. मागं वजन नसलं की सीट उडती, तुमालाच हादरे बसतील."

"एकटा कशाला फिरतोय," मन्मथप्पा म्हणाले.

हे सारजाबाईनं ऐकलं.

त्याच संध्याकाळी ईश्वरी उतरली. गाडीकडं न बघता घरात गेली. बाप दुकान बंद करून आत आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. समोर रिकामी मांडणी. फळ्यांवर भांड्यांच्या बुडांच्या गोल खुणा तेवढ्या राहिल्या होत्या.

"आईची भांडी कुठं हायत?"

"पोत्यात."

"पोत्यात!" ईश्वरीनं रिकाम्या फळीवर हात मारला. "म्हणजे तिच्यासाठी जागा बी करून ठेवली तुमी. दोन वर्सं तरी थांबायचं होतं, आप्पा. कावून एवढी घाई?"

"ईश्वरे, ऐक तर. मी उद्या सकाळी..."

"मला ऐकायचं न्हाई. उद्या मी तिला माझ्या डोळ्यानं बघणार, आणि मग जाणार."

ती न जेवता झोपली. मन्मथप्पांनी दोघांच्या भाकरी केल्या होत्या. ताट एकच राहिलं होतं घरात. त्यातच दोन भाकरी झाकून ठेवून तेही न जेवता पडले.

सकाळी आठला मन्मथप्पांनी दुकानाला 'तीन दिवस बंद' अशी पाटी लावली. ती पाटी लागली आणि बाजारगल्ली भरली. तात्याबानं चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं. उत्तरेश्वर स्वामी धुतलेलं उपरणं घालून आले होते. बायका ओट्यांवर चढून उभ्या. गाडी घेऊन आप्पा आधी कुठल्या दिशेला वळतात, शिरूरकडं का बीडकडं, यावर माणसांत बोलणी चालली होती. ईश्वरी दाराच्या चौकटीला टेकून उभी, हाताची घडी, डोळे सुजलेले.

मन्मथप्पांनी पोतं आणलं. गल्लीतल्या दोघांच्या मदतीनं उचलून मागच्या सीटवर ठेवलं, दोरीनं आवळलं.

"आगं बाई, रुखवत आधी चाललं," सारजाबाई कुजबुजली. "मग बाई कुठं बसणार?"

कुणालाच कळेना. मन्मथप्पांनी कपाळाला विभूती लावली, टोपी काढून हेल्मेट घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा निळ्या गाडीवर टांग टाकली.

तेव्हा त्यांना कळलं की पाय टेकत नाहीत.

लांबच्या प्रवासाच्या गाड्या उंच असतात. मन्मथप्पा उंच नव्हते. गाडी साइड स्टँडवर कललेली होती तोवर डाव्या पायाचा अंगठा जमिनीला लागत होता. ती सरळ केली, स्टँड मागं सारलं, तसा दोन्ही अंगठ्यांखालून तलवाडा गेला. गाडी क्षणभर सरळ उभी राहिली. मग उजवीकडं झुकायला लागली. घाई न करता, मोठं झाड पडतं तशी. मन्मथप्पांनी उजवा पाय काढला, जमीन शोधली, सापडली नाही. ते उताराच्या बाजूला अलगद उतरले म्हणा किंवा पडले म्हणा, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. पण पोत्याची दोरी सुटली, तोंड उसवलं आणि बावन्न किलो भांडी बाजारगल्लीत उतरली.

लाल गाडीच्या वेळचा आवाज काहीच नव्हता. घागरी उतारानं धावत सुटल्या. परात चाकासारखी उभी राहून तात्याबाच्या हॉटेलपर्यंत गेली, तिथं गोल गोल फिरली आणि बराच वेळ वाजत वाजत आडवी झाली. डबे, झाकणं, वाट्या, चमचे. माणसं हसायला लागली. हसत हसत ज्याच्या पायापाशी जे आलं ते तो उचलायला लागला.

"आप्पा, नवरीच्या आधी वरात पडली!" तात्याबा ओरडला. त्यानं परात उचलली. तिच्या काठावर नाव होतं. गावात नवरीच्या भांड्यावर कुणाचं नाव आहे हे वाचायची घाई आठवडाभर होती, म्हणून त्यानं मोठ्यानं वाचलं. "सौ. गंगासागर..."

तो थांबला.

सारजाबाईच्या हातात डबा होता. तिनं तो उन्हाकडं धरून बघितला. सौ. गंगासागर. उत्तरेश्वर स्वामींच्या हातात वाटी. सौ. गंगासागर. छत्तीस वर्षांपूर्वी मन्मथप्पांनी लग्नाच्या पहिल्या महिन्यात, हौसेनं, एकेका चमच्यावरसुद्धा ते नाव घातलं होतं. कुणी हातातलं भांडं खाली ठेवेना आणि पुढंही करेना.

ईश्वरी पायऱ्या उतरून आली. तिनं आधी बापाकडं बघितलं, मग मोकळ्या पोत्याकडं.

"आप्पा, मागं कोण बसणार होतं?"

"हेच," मन्मथप्पा पोत्याकडं बघून म्हणाले. हेल्मेट अजून डोक्यात होतं, त्यामुळं आवाज लांबून आल्यासारखा आला.

"किती किलो?"

"बावन्न."

ईश्वरीला भिंतीवरचे आकडे पाठ होते. लहानपणी ती त्यांच्यावरूनच आकडे शिकली होती. तिनं मान खाली घातली. मग विचारलं, "आणि चालला होता कुठं?"

"कूडलसंगमला. शब्द दिलता मी तिला."

"मग एका शब्दानं सांगायचं ना कुणाला!"

"सांगणार काय? पोतं घेऊन चाललो म्हणून?"

ईश्वरीनं ओढणी कमरेला खोचली. गुराला उठवावं तशी तिनं गाडी एका दमात उचलली, स्टँड लावलं, वाकडा झालेला आरसा सरळ केला. मग टांग टाकून बसली. दोन्ही पाय टेकले.

"बसा मागं."

"मी?" मन्मथप्पा दचकले. लेक इतकी वर्षं गाडी चालवत होती, पण ते कधी तिच्या मागं बसले नव्हते. तिच्याच काय, कुणाच्याच. "आगं, तुझी रजा?"

"रजा लगीन मोडायला टाकली होती. लगीनच न्हाई तर रजेचं काय करू? बसा."

मन्मथप्पा तात्याबाचा खांदा धरून चढले. उजवं फूटरेस्ट होतं तिथं होतं, डावं चार बोटं वर. एक गुडघा खाली, एक छातीपाशी.

"आप्पा, एका अंगानं बसा, नीट बसता येईल!" सारजाबाई म्हणाली, आणि गल्ली परत हसली. या वेळी हळू. मग ती जवळ आली. "भांड्याची काळजी करू नका. किल्ली द्या. घासून मांडून ठिवते सगळी. मला ठावं हाय गंगाबाई कुठलं कुठं ठिवायची."

त्यांनी किल्ली दिली. एक तांब्या तेवढा मागून घेतला. तिथलं पाणी आणायला.

"आप्पा," तात्याबानं कानाशी येऊन विचारलं, "मेव्हणीला काय सांगू?"

"जागा भरली म्हणून सांग."

गाडी निघाली. सीट खरंच चांगली होती. पाठीला टेका होता, मांडी अवघडत नव्हती. पण मागं बसलं की पुढचा रस्ता दिसत नाही, हे मन्मथप्पांना माहीत नव्हतं. समोर फक्त पाठ असते. खड्डा कधी येणार, वळण कधी येणार, सगळं त्या पाठीवर सोडून द्यावं लागतं. छत्तीस वर्षं तिनं माझी पाठ बघितली, त्यांच्या मनात आलं. कुठली कुठली गावं मागं गेली, आणि ती पाठ बघत होती.

शाळेसमोरच्या गतिरोधकावर ईश्वरीनं ब्रेक लावला नाही. बापाचीच सवय. मन्मथप्पा वीतभर उडाले, तांब्या त्यांच्या मांडीवर वाजला, आणि त्यांचा उजवा हात आपोआप लेकीच्या खांद्यावर गेला.

"ईश्वरे, मागं मी हाय बरं!"

लहानपणी ती पेट्रोलच्या टाकीवर बसायची. दोघांच्या पुढं. तिला पुढचं वाक्य माहीत होतं.

"ठावं हाय, आप्पा," ती म्हणाली. "एकटी असते तर आत्तापर्यंत पोचले असते."